बडे सर आणि हवेतला पूल

बडे सरांचं आडनाव तेवढं बडे होतं. उंची जेमतेम पाच फूट, आणि त्यातलाही थोडा भाग पांढऱ्या कॅनव्हासच्या बुटांचा. हे बूट ते रोज सकाळी खडू ओला करून पांढरे करायचे. शाळेत खडू एवढा का लागतो, याचं श्रेय आमच्या मुख्याध्यापिका बरेच दिवस मुलांच्या अभ्यासाला देत होत्या.

गळ्यात कायम शिट्टी. चहा आला की शिट्टी, लाईट गेली की शिट्टी, पाहुणे आले की जरा लांब शिट्टी. घरी सुद्धा भाजीत मीठ कमी पडलं तर ते शिट्टी वाजवतात, असं त्यांच्या मंडळीच एकदा हळदी-कुंकवाला आल्या तेव्हा सांगून गेल्या. सरांनी ते नाकारलं नाही. "शिट्टी वाजिवली की भांडन वाढत न्हाई," एवढंच म्हणाले.

तेलगावच्या बाहेर, कापसाच्या एका जुन्या गोदामात आमची विशेष मुलांची शाळा भरायची. पत्र्याच्या सांदीत अजूनही कापसाचे पुंजके अडकलेले असायचे आणि वारा सुटला की एखादा पुंजका तरंगत मुलांच्या डोक्यावर उतरायचा. मी तिथे फिजिओथेरपिस्ट होते. बीडहून एसटीने यायचे. सर माझ्या आधीपासूनचे. गावातल्या हायस्कूलात उभा जन्म पी.टी. शिकवून रिटायर झाले, आणि "दोन महिने पोरांची कवायत घेतो" म्हणून आले ते तिथलेच झाले.

आमच्याकडची बरीच मुलं डाऊन सिंड्रोमची. या मुलांचे स्नायू जन्मापासून सैल असतात, सांधे वाजवीपेक्षा जास्त वाकतात, तोल सांभाळायला कष्ट पडतात. हे सगळं मी सरांना पहिल्याच आठवड्यात चित्र काढून समजावून सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, "म्हंजे लई मोकळी पोरं हायती म्हना की. आमच्या हायस्कुलातली पोरं नुसते बांबू असायचे बांबू."

पण या मोकळ्या पोरांनी त्यांच्या कवायतीची पार वाट लावली होती. सरांनी "सावधान!" म्हटलं की मुलं धावत येऊन त्यांना मिठी मारायची. सर ओरडायचे, "सावधानमधी मिठी न्हाई! मिठी विश्राममधी!" झालं. मुलांनी तेवढं पक्कं लक्षात ठेवलं. सावधानला सगळी पुतळ्यासारखी उभी, नजर सरांच्या तोंडावर. आणि "विश्राम" म्हणताच सगळी एकदम. सर त्या गर्दीत दिसेनासे व्हायचे, फक्त शिट्टी ऐकू यायची.

सर कुठल्याच खेळात हरत नसत. हरायची वेळ आली की ते हात वर करून म्हणत, "निकाल राखून ठेवलाय." कॅरम असो, मुलांबरोबरची लंगडी असो, मुख्याध्यापिकांशी घातलेला वाद असो. राखून ठेवलेल्या निकालांचा त्यांच्याकडे केवढा तरी साठा झाला होता.

अशात पुण्याच्या एका कंपनीने शाळेला व्हीआरचे चार हेडसेट दिले. डोळ्यांवर चढवायचा काळा डबा आणि दोन हातांत धरायची दोन लहान यंत्रं. डबा चढवला की समोर दुसरंच जग, आणि आत काय चाललंय ते बाहेरच्यांना भिंतीवरच्या पडद्यावर दिसायचं. तिथे रंगीत फुगे अंगावर येतात, ते हाताने फोडायचे. झाडावरून आंबे पडतात, ते झेलायचे. डोंगरावरून पायऱ्या उतरायच्या. एका नदीवर लाकडी फळीचा पूल होता, त्यावरून तोल सांभाळत पलीकडे जायचं. जागेवर पाय उचलले की आतला माणूस पुढे सरकायचा. मला त्याचं अप्रूप अशासाठी, की मी एखाद्या मुलाला "हात वर कर" म्हटलं की ते दुसऱ्या वेळेलाच जांभई द्यायचं, आणि फुगे फोडायला लावलं तर तेच मूल थांबता थांबायचं नाही. हेडसेट वजनदार म्हणून आधी सगळ्यांच्या माना डॉक्टरांकडून तपासून घेतल्या, आणि एका वेळी थोडाच वेळ, असा नियम केला.

सरांनी त्या वस्तूचं नाव 'टोपलं' ठेवलं आणि विरोध सुरू केला.

"कावून? मैदान हाय, चेंडू हाय, पोरं हायती. मग टोपल्यात तोंड घालून हवेत हात मारायचे न् त्याला खेळ म्हनायचं? उद्या हवेतच जेवाय घाला त्यांना!"

"सर, एकदा घालून तर बघा," मी म्हणाले.

"आमी कबड्डीत जिल्हा गाजवलाय म्याडम. आमाला काय दाखिवतंय ते?"

मी त्यांच्या डोक्यावर हेडसेट चढवला आणि पूल लावून दिला. पहिल्या क्षणाला सर ताठ उभे होते. मग त्यांनी हळूच खाली पाहिलं. खाली, बऱ्याच खाली, नदी वाहत होती. जिल्हा गाजवलेला हा माणूस होता तिथेच खाली बसला, मग ओणवा झाला, आणि गोदामाच्या फरशीला दोन्ही हातांनी घट्ट धरून ओरडला, "धरा बे! धरा कुनीतरी!"

मुलं जागच्या जागी थिजली. मी पुढे होणार, तेवढ्यात कावेरी उठली. कावेरी अकरा-बारा वर्षांची, दोन वेण्यांची, जाड भिंगाच्या चष्म्याची. तिला शब्द जपून वापरायची सवय होती. ती सरांच्या शेजारी मांडी घालून बसली, त्यांचा हात उचलला, फरशीवर दोनदा थापटला आणि म्हणाली, "सर. फरशी हाय."

सरांनी हेडसेट काढला. विस्कटलेले केस नीट केले. "मी फळीची मजबुती तपासत हुतो," ते म्हणाले. कावेरीने माझ्याकडे पाहिलं आणि चष्मा वर सरकवला. तिला जे म्हणायचं होतं ते तेवढ्यातच आलं.

त्यानंतर सरांचा विरोध मावळला, पण तो मावळलाय हे त्यांना कुणी सांगायचं नाही. मुलांचं नाक बसकं असल्यामुळे हेडसेट खाली घसरायचा. सरांनी आपला जुना कबड्डीचा बनियन फाडला, त्यात कापूस भरून प्रत्येक हेडसेटला एकेक मऊ गादी शिवली. टाके इतके वेडेवाकडे की मुख्याध्यापिकांनी ते उसवून पुन्हा घातले. पण गादी टिकली. मधल्या सुट्टीत सर "बॅटरी बघतो" म्हणून आत जायचे आणि फुगे फोडत बसायचे. पुलाच्या वाटेला मात्र पुन्हा गेले नाहीत.

फुग्यांच्या खेळात कावेरी सगळ्यांच्या पुढे होती. हे सरांना सहन होईना. दोघांचा सामना रोजचा झाला. सर आत शिरताना दम धरून "कबड्डी कबड्डी" सुरू करायचे, फुग्यांवर चाल करून जायचे, आणि दम तुटला की मीच त्यांना भिंतीपासून ओढून मागे आणायचे. एकदा ते चक्क स्टुलावर चढून फुगे फोडायला लागले. फुगे उंच माणसाला जवळ पडतात, अशी त्यांची समजूत. कावेरीने स्टुलाला हात लावला आणि मोठ्याने म्हणाली, "फाऊल!" हा शब्द तिला सरांनीच शिकवला होता. सर खाली उतरले, आकडे पाहिले, आणि निकाल राखून ठेवला.

हे सगळं हसण्यावारी चाललं होतं, तोवर दिवाळीचे दिवस जवळ आले.

कावेरीचे आईवडील ऊसतोडीला जायचे. दिवाळी झाली की टोळीबरोबर ट्रकमध्ये बसायचं आणि उन्हाळ्याच्या तोंडाशी परतायचं. कावेरीला दर वर्षी बरोबर न्यायचे. तिथे उसाच्या फडाच्या कडेला पाचटाची कोपी, म्हणजे झोपडीच, आई पहाटेपासून फडात, आणि कावेरी दिवसभर कोपीच्या दाराशी बसून. परत आली की शाळेत शिकलेलं निम्मं विसरलेली असायची आणि खोकत असायची. या वर्षी तिची आई, सुमनबाई, मला म्हणाली, "म्याडम, अवंदा हिला हितंच ठिवावं म्हनते. माजी बहीण हाय गावात, शेवंता. ती ठिवून घेती म्हनली. पर तिचं घर वर हाय."

शेवंताबाईंची खोली पिठाच्या गिरणीच्या वर होती. बाहेरून सिमेंटचा अरुंद जिना, एका बाजूला भिंत, दुसऱ्या बाजूला काहीच नाही, आणि पायऱ्यांवर पिठाचा बारीक थर. कावेरी जिना चढायची, पण उतरायला लावलं की जागेवर बसायची. कुणी उचलल्याशिवाय खाली येणं नाही. आणि शेवंताबाईंनी स्पष्ट सांगितलं होतं, "पोरगी मला जड न्हाई. पर रोज उचलून उतरिवनं माझ्या कंबरंला जमायचं न्हाई."

म्हणजे जिना उतरता आला तर शाळा, नाही तर फड.

मी कावेरीला डोंगराच्या पायऱ्यांचा खेळ सुरू केला. काही दिवसांत ती त्या पायऱ्या झपाझप उतरू लागली. मी खूश होते, पण पुढची पायरी हळू घ्यायची असं ठरवलं होतं. बडे सरांना हळू हा शब्दच माहीत नव्हता. ज्या दिवशी मी येणार नव्हते, त्या दिवशी शाळा सुटल्यावर ते कावेरीला थेट गिरणीवर घेऊन गेले. तिला वर चढवलं, स्वतः खाली उभे राहिले आणि शिट्टी मारली.

कावेरी वरच्या पायरीवर बसली, भिंतीला चिकटली आणि रडायला लागली. सर पुन्हा शिट्टी मारत राहिले. शेवटी गिरणीवाल्याने वर जाऊन तिला उचलून आणलं. त्यानंतर तीन-चार दिवस ती शाळेत आली नाही. आली तेव्हा हेडसेटकडे पाठ करून बसली.

मी सरांवर भडकले. "सर, खेळातल्या पायरीवरून माणूस पडत नाही. खऱ्या पायरीवरून पडतो. हे तिला कळतं. तुम्हाला कळत नाही."

सरांनी शिट्टी काढून खिशात ठेवली. त्यानंतर त्यांनी माझ्याशी अबोला धरला. अबोला पण असा, की मी समोर बसलेली असताना मुलांना सांगायचे, "त्या म्याडमला म्हनावं, चा गार होतोय."

एका सकाळी मी आत आले तर सर गोदामाच्या मधोमध हेडसेट चढवून उभे. समोर पडद्यावर पूल दिसत होता. कावेरीने आपल्याकडे बघावं म्हणून ते मोठ्याने म्हणत होते, "बघ कावेरे, मी निघालो! ह्यो निघालो!" आणि निघत मात्र नव्हते. एक पाय उचलायचा, परत ठेवायचा. कपाळावर घाम. मी पुढे झाले तर म्हणाले, "त्या म्याडमला म्हनावं, मधी येऊ नका."

कावेरीने थोडा वेळ पाहिलं. मग उठली, आपला हेडसेट आपणच चढवला, चाचपडत सरांचा हात शोधला आणि धरला.

"चला," म्हणाली.

"थांब बे जरा."

"चला. पाय उचला." हे माझे शब्द होते, माझ्याच सुरात. "गुडघा वाकवा. घाई न्हाई."

पूल ओलांडायला त्यांना बराच वेळ लागला. पलीकडे पोहोचल्यावर सरांनी हेडसेट काढला, माझ्याकडे पाहिलं, आणि अबोला विसरून म्हणाले, "म्याडम, बघितलं का? एकटी असली की बसती. दुसऱ्याला न्यायचं म्हनलं की उठती."

मलाही ते त्याच क्षणी दिसलं होतं. पण सरांनी आधी म्हटलं, आणि पुढे ते सगळ्यांना हे आपणच शोधलं म्हणून सांगत राहिले. असू दे.

मग आम्ही अंगणात विटा रचून बुटक्या पायऱ्या केल्या. सर वर उभे राहायचे आणि म्हणायचे, "कावेरे, मला भ्या वाटतंय. खाली घिऊन चल." कावेरी त्यांचा हात धरून उतरवायची. एकदा दोघंही विटांसकट घसरले, सरांचं कोपर सोलवटलं, तिला काही झालं नाही. उलट तिने सरांना दम दिला, "खाली बघा ना!" विटा वाढत गेल्या.

गिरणीवर गेलो तो बाजाराचा दिवस होता. खाली दळणाचे डबे घेऊन बायका उभ्या. वर शेवंताबाई हातात झाडू घेऊन, पायऱ्यांवरचं पीठ नुकतंच झाडलेलं. मी जिन्याच्या मधे उघड्या बाजूला उभी राहिले. वरच्या पायरीवर कावेरी आणि सर, हातात हात.

"कावेरे, मला खाली बघवत न्हाई गं," सर म्हणाले.

कावेरीही खाली बघत नव्हती. ती बसणार असं मला वाटलं. सर तिच्या आधी बसले.

"मी न्हाई येत," ते म्हणाले. "मी आता हितंच ऱ्हातो. शेवंताबाई, रातच्याला भाकर घाला मला."

"घालते की," शेवंताबाई म्हणाल्या. "भांडी घासावी लागतील."

खालच्या बायका हसल्या. कावेरी हसली नाही. तिने सरांकडे पाहिलं, त्यांच्या कोपराला धरलं आणि ओढून उभं केलं. "उठा. पाय." तिने आपला पाय खालच्या पायरीवर ठेवला. मग दुसरा. "आता तुमचा." अशा तीन पायऱ्या झाल्या आणि ती थांबली. भिंतीला हात लावून उभी राहिली. गिरणीवाल्याने पट्टा काढून गिरणी बंद केली. एकदम एवढी शांतता झाली की मला सरांचा श्वास ऐकू येत होता.

मग ती पुन्हा म्हणाली, "पाय."

खाली पोहोचल्यावर तिने सरांच्या खिशात हात घालून शिट्टी काढली आणि अशी वाजवली की कुणाच्या तरी डब्यावरचं झाकण खाली पडलं.

परतताना मी म्हणाले, "सर, काय सुंदर नाटक केलंत!"

सरांचा शर्ट पाठीला चिकटला होता. "कसलं नाटक?" ते म्हणाले. मी हसले. ते हसले नाहीत. खरंच भ्याले होते की सोंग होतं, ते मला आजतागायत ठरवता आलेलं नाही. तोही एक राखून ठेवलेला निकाल.

पुढच्या आठवड्यात टोळीचा ट्रक लागला. निघायच्या आधी सुमनबाई गिरणीवर आली. डोक्याला टापर बांधलेलं, हातात भांड्यांचं गाठोडं. तोवर कावेरी कुणाचा हात न धरता, एक तळवा भिंतीला टेकवून उतरू लागली होती. ती खाली आली. सुमनबाई म्हणाली, "पुन्ना एकदा ये." कावेरी वर गेली, पुन्हा उतरली. "अजून एकदा." तिसऱ्या वेळी कावेरी वैतागली आणि खालच्या पायरीवर फतकल मारून बसली.

सुमनबाई तिच्याजवळ बसली. "माझ्या कडंवरच म्हातारी हुतीस का काय म्हनून भ्येत हुते गं मी," ती म्हणाली, आणि रडली. मग डोळे पुसून सरांकडे वळली. "सर, हिला वरडू नका."

"मी?" सर म्हणाले. "तीच मला वरडती दिवसभर."

कावेरी राहिली. पहिले काही दिवस संध्याकाळ झाली की रस्त्याकडे बघत बसायची, मग शेवंताबाई तिला गिरणीत नेऊन पिठाचे डबे ओळीने लावायला सांगायच्या. शाळा एक दिवस बुडाली नाही. उन्हाळ्यात सुमनबाई परत आली तेव्हा लेकीला आपलं नाव लिहिता येत होतं, 'व' जरा उलटा. आणि नवीन आलेल्या लहान मुलांना हेडसेट चढवून द्यायचं काम कावेरीने आपणहून घेतलं होतं. मूल घाबरलं की ती त्याचा हात फरशीवर थापटायची.

मी लग्नानंतर नाशिकला आले. सर गेल्याचं मला मुख्याध्यापिकांच्या फोनवरून कळलं. झोपेतच गेले म्हणाल्या. बोलता बोलता थांबल्या, मग म्हणाल्या, "आता खडू उरतोय गं."

सर म्हटलं की आजही डोळ्यांपुढे येतात ते मी निघायच्या आधीच्या हिवाळ्यात, बीडच्या मैदानावर. जिल्ह्यातल्या विशेष शाळांच्या क्रीडास्पर्धा होत्या. सुरुवातीला संचलन. आमच्या शाळेच्या पुढे सर, हातात झेंडा, बूट लखलखीत, छाती पुढे. "डावा, उजवा, डावा, उजवा!" मागे ओळीत आमची मुलं. सर नेहमीसारखे भरभर चालत होते आणि मुलं नेहमीसारखी रमतगमत. मैदानाच्या कडेला बर्फाच्या गोळ्याची गाडी उभी होती. पहिल्यांदा एक मूल ओळीतून फुटलं, मग दुसरं, मग कावेरीने बाकीच्यांना हात धरून शिस्तीत तिकडे नेलं.

सरांना पत्ता नाही. ते एकटेच डावा-उजवा करत मंचापुढे पोहोचले, झेंडा तिरपा केला आणि कडक सलामी ठोकली. मंचावरचे पाहुणे त्यांच्या मागचं रिकामं मैदान बघत होते. लोक हसायला लागले तेव्हा सरांनी मागे वळून पाहिलं.

मला वाटलं, आता शिट्टी वाजणार. वाजली नाही. सरांनी पाहुण्यांना पुन्हा एक सलामी दिली, टाच आपटून पाठमोरे झाले, आणि त्याच चालीने, डावा-उजवा मोठ्याने म्हणत, सबंध मैदान ओलांडून परत गाडीपाशी आले. झेंडा गाडीला टेकवून ठेवला. आणि मुलांच्या ओळीत, सगळ्यात शेवटी, आपला नंबर यायची वाट बघत सावधान उभे राहिले.